हलकी गोळी, जड गोळी

उजाडता उजाडता ग्राशी खालच्या कुरणात पोचली, तेव्हा तीन कोकरं मरून पडली होती. दोघांचे नुसते गळे दाबलेले. तिसऱ्याचं पोट फाडून आतलं दुधाने भरलेलं कोठं तेवढं खाल्लेलं, बाकी सगळं जिथल्या तिथं. कायोटाचं कामच असं. जनावर कोल्ह्यापेक्षा थोडं मोठं, पण भुकेपेक्षा जास्त मारून ठेवणार. एप्रिल लागला होता तरी ओघळींच्या सावलीत बर्फ कळकट होऊन पडला होता, आणि वारा असा की तिला पाठ देऊन उभं राहावं लागत होतं.

तिन्ही मेंढ्या आपापल्या मेलेल्या पोरापाशी उभ्या होत्या. एकजण पुढच्या खुराने कोकराला ढोसत होती, ऊठ म्हणून.

ग्राशीने खिशातला चाकू काढला. एका मेल्या कोकराचं कातडं तिने मोजा उतरवावा तसं ओढून काढलं. शेडमध्ये एक कोकरू होतं, त्याची आई विताना गेली होती. ते आणून तिने ते ओलं कातडं त्याच्या अंगावर चढवलं, पायांच्या भोकांतून त्याचे पाय बाहेर काढले. मेंढीने शेपटाकडून हुंगलं, दोनदा डोक्याने ढकललं, मग आपलंच म्हणून पिऊ दिलं. एकीचं भागलं. दुसऱ्या दोघींना द्यायला कोकरू नव्हतं. त्या दिवसभर ओरडणार होत्या.

घरी बेनात चुलीपाशी बसला होता. तिचा थोरला भाऊ. बाप युरोपातल्या बास्क डोंगरातून अमेरिकेत वायोमिंगमध्ये मेंढ्या राखायला आला आणि इथलाच झाला, त्याच्यामागं हा कळप ह्या दोघांनी सांभाळला. लग्न दोघांचंही झालं नाही. ते का, हे विचारायचं आता लोकांनी सोडून दिलं होतं.

"किती?" बेनातने विचारलं.

"तीन."

"एक आण इकडं."

तिने कातडं न काढलेलं एक कोकरू त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने बोटांनी गळा चाचपला, दातांची भोकं शोधली, कानाखाली अंगठा दाबून पाहिला. "जोडी आहे," तो म्हणाला. "पिल्लं घातलीत जवळपास कुठंतरी. पिल्लं मोठी होईस्तोवर रोज येणार बघ."

हे बोलताना तो तिच्याकडे नाही, तिच्या खांद्यावरून पलीकडे भिंतीकडे बघत होता. दोन वर्षांपासून तो असंच बघायचा. त्याच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं दिसायचं. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं व्हायचं. ह्या खोऱ्यात बेनात इरिबार्नएवढा नेमबाज दुसरा नव्हता. पळत्या कायोटाला तो पिकअपच्या बॉनेटवर कोपर टेकून पाडायचा. आता बशीतला अंड्याचा बलक त्याला काट्याने शोधावा लागायचा.

"सरकारी शिकाऱ्याला फोन केला होतास ना?"

"जागा रिकामी आहे म्हणतात. ह्या वर्षी कोणी नाही."

"मग तू मार."

"मी?"

"मग कोण, पाद्रीबाबा येणार आहे?"

ग्राशीने हात धुतले. बंदूक तिने पूर्वी चालवली नव्हती असं नाही. पण घरातली रायफल म्हणजे दोनशे त्रेचाळीस नंबरची, आणि तिचा दस्ता नेमका ग्राशीच्या गळ्याखालच्या उजव्या हासळीच्या हाडावर बसायचा. ते हाड घोड्यावरून पडून मोडलं होतं आणि वाकडंच सांधलं होतं. दुपारी तिने कुंपणाला डबा टांगून चार गोळ्या झाडल्या. पहिलीला डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुसरीपासून चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटायला लागले. डबा वाऱ्याने हलत होता, तेवढाच.

"दचकतेयस तू," बेनात मागून म्हणाला. "आवाजावरून कळतं मला."

"हाड दुखतं, बेनात."

"मग हलकी घ्यावी लागेल." हे तो असं म्हणाला, जसं कोणी घरात दारुडा जावई आणावा लागेल म्हणतं.

*

गावात डेल्बर्टच्या दुकानात कोपऱ्यात शेगडी होती आणि तिच्याभोवती कायम कोणीतरी बसलेलं. त्या दिवशी मर्ल होता, त्यांच्या कुंपणापलीकडचा गायीवाला, कळप विका म्हणून कधीचा मागं लागलेला. "काय म्हणतोस, बेनात?" म्हणत त्याने हात पुढं केला. बेनात त्याच्या टोपीकडे बघून हसला. हात तसाच हवेत राहिला. मर्लने तो हळूच मागं घेऊन मांडीवर पुसला.

"कायोटांसाठी पाहिजे," ग्राशी म्हणाली. "धक्का कमी असणारी."

"चालवणार कोण?" डेल्बर्टने बेनातकडे बघून विचारलं.

"मीच. मी इकडं उभी आहे."

"असं होय." डेल्बर्टने खालून एक जुनी रायफल काढून काउंटरवर ठेवली. "दोनशे तेवीस. धक्का म्हणजे काहीच नाही. माझी बायको पण चालवते, आणि तिला मी चालत नाही."

मर्ल हसला. बेनातने हात पुढं केला. डेल्बर्टने त्याच्या तळव्यावर एक काडतूस ठेवलं, तसं बेनातने ते बोटांत फिरवलं.

"हे काय कायोट मारायला? वाऱ्यात ह्याचं पीस होतं रे. मी सांगतो, ती पोटाला नेम धरेल आणि गोळी शेपटीला लागेल."

"जवळ आल्यावर मारायचं," डेल्बर्ट म्हणाला.

"आमच्या कुरणात जवळ काय येतं? विमा विकणारा येतो फक्त."

"हे बघ, बेनात," डेल्बर्ट काउंटरवर वाकला, "मला विचारशील तर तिला पाहिजे बावीस-अडीचशे. सरळ जाते, धक्का बेताचा, गोळी आतच फुटते, पलीकडे काही जात नाही. पण त्याची काडतुसं आलेली नाहीत. कधी येतील ते मला कोणी सांगत नाही."

"आमच्या दोनशे त्रेचाळीसचीच हलकी गोळी दे मग. धक्का जरा तरी कमी होईल."

"तीही संपली. हरणाची आहे तेवढी, जड. कायोटाच्या आरपार जाईल आणि मागं जे असेल त्यालाही घेऊन जाईल. आणि धक्का उलट जास्तच."

"वारा तरी कापते ना?"

"वारा कापते. बहिणीचा खांदाही कापेल."

दोघं तिच्या खांद्याबद्दल असं बोलत होते, जसा तो खांदा ती घरी ठेवून आली होती. ग्राशीने ती जुनी रायफल उचलून खांद्याला लावली. हलकी होती. दस्ता हाडाच्या आत बसला, दुखला नाही. तिने ठरवून टाकलं. बदल्यात तिने आपलं खोगीर दिलं. चांगलं होतं, पण त्या पडण्यानंतर ती घोड्यावर बसलीच नव्हती.

डेल्बर्टने दोन खोकी काढली. एकात टोकाला लाल ठिपका असलेली, आत फुटणारी गोळी, दुसऱ्यात जरा लांब, जड. "वाऱ्यात ही बरी," तो म्हणाला, "पण ह्या रायफलीच्या नळीला ती मानवत नाही. इकडं तिकडं फेकते. लाल टोकाचीच ने."

निघताना बेनात म्हणाला, "ती हरणाची पण एक खोकं बांध."

"कशाला?" ग्राशी म्हणाली.

"असू दे घरात."

*

कायोटांना हाक घालणं अजून बेनातलाच यायचं. ओठांवर हाताची मूठ धरून तो जखमी सशाचं रडणं काढायचा, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ओघळीच्या तोंडाशी सेजच्या बुटक्या, करड्या झुडपांत पालथी पडली. जमीन दगडासारखी गोठलेली होती. गुडघ्यातून, पोटातून गारठा वर चढत होता. बेनात रडला, थांबला, पुन्हा रडला.

बऱ्याच वेळाने समोरच्या चढावर काहीतरी राखाडी सरकलं.

"आला," ग्राशी कुजबुजली. "नाही, आली. मादी आहे बहुतेक."

"कुठवर आहे?"

"पाण्याच्या टाकीच्या पुढं."

"लांब आहे. येऊ दे. वारा डावीकडून आहे, गोळी वाहून जाईल. येऊ दे अजून."

कायोट उभी राहिली. तिने मान वर केली आणि वाऱ्याकडे नाक केलं. रायफलीवरच्या दुर्बिणीत ग्राशीला तिची पिवळी नजर दिसली. तिला वाटलं, हिला कळलं. आता ही फिरणार, आणि रात्रीत परत कुरणात उतरणार.

"मारू?"

"थांब म्हणतो ना—"

तिने मारली. धक्का काहीच लागला नाही. एवढा कमी, की दुर्बिणीतून सगळं नीट दिसलं. कायोटचं ढुंगण खाली बसलं, ती गर्रकन फिरून स्वतःच्याच पायाला चावली आणि तीन पायांवर टेकाडापलीकडे गेली. मागचा एक पाय चिंधीसारखा लोंबत होता.

"लागली?" बेनातने विचारलं.

"मागच्या पायाला."

तो झुडपाला धरून उठला, कपड्यांवरची माती झटकली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागला, घराकडे. त्याला घरी सोडून रक्ताच्या मागावर ग्राशी एकटीच दुपारपर्यंत फिरली. खडकाळीत रक्त संपलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. लंगड्या जनावराला ससा सापडत नाही, कोकरू सापडतं. आधी ती जोडी पहाटे खालच्या कुरणात यायची. आता ही एकटी दिवसाढवळ्या थेट शेडच्या कुंपणापर्यंत यायला लागली. नुकतीच विलेली, अजून ओली असलेली पोरं उचलायची. ग्राशी एका मेंढीची वार ओढत असायची आणि पाठीमागे दुसरीचं कोकरू गेलेलं असायचं. ती धावायची, बंदूक आणायची, तोवर लंगडी सेजमध्ये नाहीशी. तिच्या हातांना वारेचा आणि आयोडीनचा वास कायमचा बसला. बेनात शेडच्या दारात पालथ्या बादलीवर बसून राहायचा, काही ऐकू आलं की "ए!" म्हणून ओरडायचा. त्या ओरडण्याने मेंढ्याच दचकायच्या.

"बोल की एकदा," ग्राशी एका संध्याकाळी म्हणाली. "मी सांगितलं होतं, असं म्हण. मोकळा हो."

"काय बोलू? तुझं हाड मोडलंय, माझे डोळे गेलेत. गोळीने काय करावं त्यात?"

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

*

तिने लोकरीचा एक जाड तुकडा दुमडून सदऱ्याच्या आत खांद्यावर शिवला आणि पुन्हा दोनशे त्रेचाळीस उचलली. हरणाच्या खोक्यातली जड काडतुसं भरली. "दस्ता घट्ट दाब," बेनात सांगत होता, "सैल धरलीस की जास्त मारते. डोळा दुर्बिणीपासून लांब ठेव." तिने दाबला, पण हाड दुखलं तसं नकळत सैल झालं. धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर आदळली. नाकाच्या कडेने गरम काहीतरी ओठात आलं.

"काय झालं?"

"काही नाही."

बेनातने चाचपडत तिचा चेहरा धरला आणि अंगठा भुवईवरून फिरवला. अंगठा ओला झाला. त्याने तो पॅंटला पुसला. "अजून एक मार," तो म्हणाला. "आत्ता थांबलीस तर परत कधी उचलणार नाहीस."

तिने मारली. त्यानंतरही मारल्या. खांदा जांभळा, मग काळा, मग पिवळा झाला. कोट घालायला बेनातला बाही धरावी लागायची. पण डोळे मिटणं थांबलं.

आणि एके दिवशी दुपारी, शेडच्या कोपऱ्यावरून, लंगडी तिला सापडली. वारा पडला होता. कुंपणाच्या तारेखालून ती पोटावर सरपटत येत होती. ग्राशीने खांबाला नळी टेकवली, दस्ता दाबला. एकच आवाज झाला आणि कायोट होती तिथंच राहिली.

जवळ जाऊन तिने पायाने उलटवलं. अंगात हाडं आणि कातडं, एवढंच. मोडका पाय मांडीपर्यंत काळा, त्यात किडे. पोटाखालची थानं सुकून कातड्याला चिकटलेली. कुठल्यातरी बिळात पिल्लं केव्हाच मेली असणार, वाट बघत. ग्राशी तिथं जरा वेळ उकिडवी बसली. मग तिने शेपूट धरून ते ओझं ओघळीत नेऊन टाकलं.

"पाडली," तिने बेनातला सांगितलं.

"कुठं लागली?"

"खांद्यामागं."

"शाब्बास, ग्राशे," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा म्हणाला असेल. त्या संध्याकाळी त्याने लसणाचं सूप स्वतः केलं, पाव बुडवून दोघांनी पातेलं पुसून खाल्लं.

आठवडाभर काही गेलं नाही. मग एका सकाळी खालच्या कुरणात पुन्हा गळे दाबलेली कोकरं मिळाली. ग्राशीने पायांचे ठसे पाहिले. चारी पाय धड होते. आणि ठसे एकट्याचे नव्हते.

*

त्या दिवशी ती शेडमध्ये एका मेंढीत कोपरापर्यंत हात घालून बसली होती. आतलं कोकरू मान मागं टाकून अडकलं होतं, आणि ती बोटांनी त्याचा जबडा शोधत होती. बेनात नेहमीसारखा दारातल्या बादलीवर होता. बाहेर मेंढ्या एकदम उधळल्याचा आवाज आला.

"ग्राशे! आला बघ!"

"येते! थांब जरा!"

हात काढला असता तर मेंढी गेली असती. जबडा बोटांत आला, तिने मान वळवली, आणि तेवढ्यात बाहेर दोनशे त्रेचाळीसचा आवाज झाला. तिने कोकरू ओढून पेंढ्यावर टाकलं, त्याच्या नाकातला चिकटा बोटाने काढला आणि तशीच बाहेर धावली.

बेनात भिंतीला टेकून उभा होता. दाराशी टेकवून ठेवलेली रायफल आता त्याच्या हातात. त्याचा चेहरा दोन वर्षांत पाहिला नव्हता असा उजळला होता. त्याने डोळे समोर नाही, बाजूला, आभाळाकडे वळवलेले होते.

"लागला! ऐकलंस ना? थप्प झालं! सेजच्या कडेला होता, दबा धरून बसलेला. सरळ बघितलं की जायचा, म्हणून मी बाजूला बघून मारला. कडेने बघून, ग्राशे!"

ती धावत गेली. सेजच्या कडेला, कळपापासून लांब, एक तरुण मेंढी पडली होती. पहिलटकरीण. वेणा आल्यावर एकांत शोधत गेलेली आणि तिथं बसलेली. जड गोळी तिच्या फासळ्यांतून आरपार गेली होती. शेपटीखाली कोकराचे पुढचे दोन खूर बाहेर आले होते. ग्राशीने ते धरून कोकरू ओढलं. त्याने एकदा तोंड उघडलं, अजून एकदा उघडलं, आणि पुन्हा उघडलं नाही.

"काय गं?" बेनात तिथूनच ओरडला. "मोठा आहे का?"

ग्राशीने हात गवताला पुसले. "मोठा आहे," ती ओरडली. "नर आहे."

"मी सांगत होतो! कातडं काढू या. येतो मी."

"नको येऊस. ओघळीत पडलाय. मी बघते."

पण तो निघाला होता. एक हात पुढं धरून, पाय उचलून टाकत, झुडपांत अडखळत, थेट आवाजाच्या रोखाने. ती वाटेत जाऊन उभी राहिली. "बेनात, घरी चल. थंडी आहे." त्याने तिला हाताने बाजूला केलं, रागाने नाही, उत्साहात. पुढं गेला. बुटाला काही लागलं तसा थांबला आणि गुडघ्यांवर बसला.

त्याचा हात खाली गेला, पाठीवर टेकला आणि तिथंच थांबला. मग हळूहळू मानेकडे सरकला. बोटं लोकरीत रुतली. कान चाचपला. पोट चाचपलं. ओलं कोकरू हाताला लागलं, त्यावरून हात फिरवला.

वारा पुन्हा सुटला होता. कळप लांब जाऊन चरायलाही लागला होता.

"नर आहे म्हणालीस," बेनात म्हणाला.

ग्राशीने हात पुन्हा गवताला पुसले.

"अजून एकदा म्हण."

"बेनात—"

"म्हण की. मोठा आहे म्हण."

ती त्याच्या शेजारी खाली बसली. मग त्याने विचारलं, "चाकू आणलायस का? मांस फुकट जाईल." तिने चाकू काढला. त्याने मागचे पाय धरले, तिने कातडं काढलं. वाफ निघत होती. त्या उबेत त्याने आपले हात धरून ठेवले.

*

सकाळी तिच्या आधी उठून त्यानेच मर्लला फोन लावला. फोनचे आकडे तो अंगठ्याने मोजून दाबायचा. "आहेत त्या सगळ्या घेऊन जा," एवढं तिने ऐकलं. "नाही, पुढच्या वर्षी नाही. आत्ता."

मर्लने ट्रक आणि त्याची दोन कुत्री आणली. कमी बोलला. मेंढ्या फळीवरून खुरांचा आवाज करत चढत होत्या. पोरं मागं राहायची, ग्राशी त्यांना काखेत धरून आत देत होती. कातडं चढवलेलं ते कोकरूही गेलं. कातडं केव्हाच काढलं होतं, तरी ती मेंढी त्याला सोडत नव्हती. बेनात फळीशेजारी उभा होता. जाणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीला हात लागेल असा.

"रायफली ठेवणार आहात?" मर्लने दार लावताना विचारलं. "डेल्बर्ट दोन्ही परत घेईल. मी बोलतो त्याच्याशी."

"घेऊन जा," ग्राशी म्हणाली. "काडतुसंही उरलीत. हलकी आणि जड, दोन्ही."

ट्रक दिसेनासा झाला तरी धूळ वाऱ्याने कुंपणाला चिकटत राहिली. ती आत आली. पहिलटकरणीचं मांस लाल बीन्सबरोबर शिजत होतं. तिने दोन बशा वाढल्या. दोघं बसली. खिडकीबाहेर कुठलाच आवाज नव्हता. एवढी शांतता त्या घरात कधी झाली नव्हती.

बेनातने बराच वेळ एकच घास चावला.

"मेंढ्या नसलेली माणसं सकाळी उठून काय करतात गं?"

ग्राशीने विचार केला. खरोखरच केला. गावातलं एकेक घर डोळ्यांपुढं आणलं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली, आणि त्याच्या पेल्यात दारू ओतायला लागली. तो पेल्याच्या कडेला बोट लावून बसला होता, भरला की कळावं म्हणून.